बंदूक न उचलणारा रंगरूट: डेस्मंड डॉसच्या प्रशिक्षणाचं प्रकरण

डेस्मंड डॉस हा दुसऱ्या महायुद्धातला, शस्त्र न घेणारा अमेरिकन वैद्यकीय सैनिक. त्याची गोष्ट बहुतेक जण जपानच्या ओकिनावा बेटावरच्या कड्यापासून सांगायला सुरुवात करतात. साहजिकच आहे. ५ मे १९४५ रोजी जपानी माऱ्याखाली त्या कड्यावर मागे राहिलेला, हातात साधं पिस्तूलही नसलेला, आणि तरी एकामागून एक जखमी सैनिक दोरानं खाली सोडणारा माणूस. अशा माणसावर हॉलिवुडचा चित्रपट निघणारच, आणि तो निघालाही. पण श्रद्धा माणसाला तोलून कशी धरते हे समजून घ्यायचं असेल तर मला त्या कड्यापेक्षा त्याआधीची दोन वर्षं जास्त कामाची वाटतात. कड्यावर शत्रू समोर होता. प्रशिक्षणाच्या छावणीत ज्यांना तो नको होता ती माणसं शेजारच्याच खाटेवर झोपत होती, आणि त्यांच्याच अंगावर त्याच्यासारखाच गणवेश होता.

डॉसचा जन्म ७ फेब्रुवारी १९१९ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावचा. वडील सुतारकाम करत, आई चपला-बुटांच्या कारखान्यात कामाला जाई. घर सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं, आणि त्यातही श्रद्धेची धुरा आईकडे. घरात बायबलमधल्या दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना यांचं एक मोठं चौकटीतलं चित्र टांगलेलं होतं. ‘खून करू नको’ या आज्ञेशेजारी आपल्या भावाला, हाबेलाला, मारून हातात सोटा घेऊन उभा असलेला बायबलमधला काईन रंगवला होता. लहानपणी खुर्ची ओढून तिच्यावर चढून तो हे चित्र पाहत बसे आणि भाऊ भावाला मारूच कसा शकतो, असा विचार करी, असं त्यानं पुढे अनेकदा सांगितलं. शिक्षण आठवीपर्यंतच. मग लाकडाच्या वखारीत काम, आणि युद्ध आलं तेव्हा न्यूपोर्ट न्यूजच्या जहाजबांधणीच्या गोदीत नोकरी.

ही गोदीतली नोकरी महत्त्वाची आहे. युद्धाला लागणारं काम म्हणून त्याला भरतीतून सूट मिळू शकत होती. त्यानं ती घेतली नाही. बाकीचे जात असताना आपण मागे राहावं हे त्याला पटलं नाही. म्हणजे सैन्यात जाणं ही त्याच्यावर नुसती आलेली वेळ नव्हती, काही अंशी त्याची निवडही होती. पुढचं सगळं वाचताना हे विसरलं की माणूस चुकीचा कळतो.

नकार नेमका कशाला

अमेरिकेच्या १९४० च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात धार्मिक कारणावरून युद्धाला विरोध असणाऱ्यांसाठी दोन वाटा ठेवल्या होत्या. एक, लष्करात यायचं पण शस्त्र न घेता काम करायचं. या वर्गाला १-ए-ओ म्हणत. दुसरी, लष्करातच यायचं नाही, त्याऐवजी जंगल, शेती, मनोरुग्णालयं अशा ठिकाणी नागरी काम करायचं. हा ४-ई वर्ग. मेनोनाइट, क्वेकर, ब्रेदरन या शांततावादी पंथांतले बरेच तरुण दुसऱ्या वाटेनं गेले, त्यांची संख्या साधारण १२ हजार. अॅडव्हेंटिस्टांची परंपरा पहिल्या वाटेची. हा पंथ १८६३ मध्ये अमेरिकन यादवी युद्धाच्या धामधुमीत औपचारिकपणे उभा राहिला आणि शस्त्र न घेण्याची भूमिकाही त्याच काळातली.

डॉस १-ए-ओ होता. आक्षेप घेणारा, ‘ऑब्जेक्टर’, हा शिक्का मात्र त्याला अजिबात आवडत नसे. आपण सहकार्य करणारे आहोत, असं तो सांगे. झेंड्याला सलाम करायला तयार, गणवेश घालायला तयार, आघाडीवर जायला तयार. शस्त्र घेणार नाही आणि शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या, दिवशी नेहमीची कामं करणार नाही, एवढंच.

मराठी वाचकाला शब्बाथाची ओळख करून द्यायला फार लांब जावं लागत नाही. अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ नाव दिलं होतं. अॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती असूनही शब्बाथ शनिवारचाच पाळतात, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. पुण्यात औंध रस्त्यावरचं स्पायसर कॉलेज याच मंडळीचं.

गावात घाणा एक दिवस बंद राहिला तर लोक नाव ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तेल नेतात. लष्करात तसं चालत नाही. अमेरिकन लष्करात शनिवारची सकाळ हीच मुळी तपासणीची ठरलेली वेळ. म्हणजे दर आठवड्याला, सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल अशाच वेळी, हा माणूस नाही. शस्त्राचा नकार एकदा नोंदवून मोकळं होता येईल. शनिवार दर सात दिवसांनी परत येतो.

फोर्ट जॅक्सन

१ एप्रिल १९४२ रोजी तो भरती झाला आणि दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सन इथे ७७ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनमध्ये दाखल झाला. ही डिव्हिजन आठवडाभरापूर्वीच पुन्हा उभी केली होती. तिचा बिल्ला होता स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. धार्मिक स्वातंत्र्याच्या नावानं कुणाला चिमटा काढायचा असेल तर इथे आयताच मिळतो, पण डॉसनं तो कधी काढलेला दिसत नाही.

पहिल्या रात्री तो खाटेशेजारी गुडघे टेकून प्रार्थनेला बसला. बराकीतून शिट्ट्या, शेरे, आणि मग बूट भिरकावले गेले. लष्करी बूट जड असतात. ते डोक्यावरून जाताना प्रार्थना चालू ठेवायची की उठायचं, हा प्रश्न पुस्तकी नाही. तो बसून राहिला, आणि दुसऱ्या रात्रीही बसला. एका सहकाऱ्यानं तर त्याला तोंडावर सांगितलं की लढाईत गेल्यावर तू जिवंत परत येणार नाहीस याची व्यवस्था मी करीन. ही धमकी डॉसनं म्हातारपणीही विसरली नव्हती.

त्यांना इतका राग का यावा? यावर नुसतं ‘लोक वाईट होते’ म्हणणं मला सोपं उत्तर वाटतं. बराकीतल्या प्रत्येक रंगरुटाचं त्या काळातलं एक भय असतं, की माझ्या शेजारचा ऐन वेळी मला सोडून पळेल का. रायफल न धरणारा माणूस त्यांच्या लेखी पळणारच होता. त्यात शनिवारी तो कामाला नसे आणि त्याचं काम इतरांच्या वाट्याला येई. भय आणि गैरसोय एकत्र आली की माणसं बूट फेकतात. या दोन्हींपैकी गैरसोयीवर डॉसनं लगेच उपाय केला. शनिवारच्या बदल्यात तो रविवारची जादा कामं अंगावर घेऊ लागला. भयावर उपाय असा झटपट नव्हता.

अधिकाऱ्यांचा त्रास वेगळ्या जातीचा होता. कायद्यानं १-ए-ओ वर्ग मान्य केला असला तरी छावणीतल्या कॅप्टनला तो मनापासून मान्य असेलच असं नाही. आधी त्याला वैद्यकीय तुकडीऐवजी रायफल कंपनीत टाकलं. रायफल हाताळायचा हुकूम झाला, त्यानं नम्रपणे नकार दिला. कोर्ट-मार्शलची धमकी झाली. नौदलात गेलेल्या भावाला भेटण्यासाठी त्यानं रजा मागितली तेव्हा, आधी रायफलीची परीक्षा दे, असं उत्तर मिळालं. चित्रपटात दाखवतात तसा खटला मात्र प्रत्यक्षात उभा राहिला नाही. प्रकरण अॅडव्हेंटिस्ट मंडळीच्या वॉशिंग्टनमधल्या युद्धसेवा आयोगापर्यंत गेलं, आणि कायदा काय म्हणतो याची आठवण वरून करून दिल्यावर दाब सैल झाला.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. श्रद्धेच्या गोष्टींत एकटा माणूस आणि त्याचा देव एवढीच दोन पात्रं ठेवायची आपल्याला सवय आहे. डॉसच्या प्रकरणात पात्रं बरीच आहेत. संसदेनं केलेला कायदा आहे. तो कायदा वाचून कुणाला गाठायचं हे माहीत असलेला एक आयोग आहे. घरून पत्रं येत आहेत. १७ ऑगस्ट १९४२ रोजी त्यानं डोरोथी शुट्टेशी लग्न केलं आणि तिनं दिलेलं खिशात मावणारं बायबल तो युद्धभर छातीच्या खिशात बाळगत होता. रात्री गुडघे टेकणारा एकटाच होता, पण तो निराधार नव्हता. यातलं काही वजा केलं असतं तर तो टिकला असता का, मला खात्री नाही.

वेडा ठरवण्याचा प्रयत्न

सगळ्यात कठीण परीक्षा रागाच्या भरात आलेली नव्हती, सवलतीच्या रूपानं आली. अमेरिकन लष्करात ‘सेक्शन एट’ नावाची तरतूद होती. मानसिकदृष्ट्या सेवेला नालायक म्हणून माणसाला घरी पाठवायची सोय. डॉसला त्याखाली काढून टाकण्याचा घाट घातला गेला आणि त्याला अधिकाऱ्यांच्या मंडळासमोर उभं केलं.

बघा, काय समोर ठेवलं होतं. बूट नाहीत, धमक्या नाहीत, शनिवारची भांडणं नाहीत. नवी बायको घरी आहे. सही करायची आणि घरी जायचं. ज्याला खरंच फक्त जीव वाचवायचा आहे, त्याला यापेक्षा सुटसुटीत दार मिळणार नाही. डॉसनं त्या मंडळाला जे सांगितलं त्याचा आशय असा: माझ्या धर्मामुळे माझं डोकं फिरलंय असा अर्थ निघणारी सुटका मी स्वीकारली तर मी फारच भिकार ख्रिस्ती ठरेन. आपलं काम आपण इतरांइतकंच चोख करतो, फरक फक्त शब्बाथाचा आहे, हा त्याचा मुद्दा. मंडळाला त्याला काढता आलं नाही.

या उत्तराकडे मी पुनःपुन्हा येतो, कारण त्यात त्याच्या ताकदीचा नकाशा सापडतो. त्याच्या नकाराला कडा होत्या. कुठे थांबायचं हे त्याला बोटानं दाखवता येत होतं, म्हणून उरलेल्या सगळ्याला तो बिनधास्त ‘हो’ म्हणू शकला. ज्याच्या तत्त्वाला कडा नसतात तो दर हुकुमाला अडखळतो, दर वेळी नव्यानं वाद घालतो आणि महिनाभरात थकून जातो. डॉस थकला नाही, कारण त्याला रोज नव्यानं ठरवायचं काही उरलं नव्हतं.

पायांचे फोड

पुढे तो वैद्यकीय कामाला लागला. त्या काळच्या मेडिकचं प्रशिक्षण म्हणजे जखमेवर सल्फाची भुकटी टाकणं, दाब देऊन रक्त थांबवणं, मॉर्फिनची छोटी नळी टोचणं, प्लाझ्मा चढवणं, स्ट्रेचर दोघांनी, चौघांनी कसं उचलायचं. या सगळ्याची गरज लढाईत. छावणीत गरज होती ती पायांना. नवे बूट, पाठीवर ओझं आणि लांब पल्ल्याची कूच. संध्याकाळी टाचांवर आणि बोटांवर फोड. कूच संपली की बाकीचे अंग टाकत आणि डॉस पाय तपासत फिरे. फोड कडेनं फोडायचा, पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवून पट्टी लावायची. हे पाय त्याच माणसांचे होते ज्यांनी बूट फेकले होते.

आपल्याला शिव्या देणाऱ्या माणसाचा उघडा पाय मांडीवर घेऊन बसणं म्हणजे काय, हे ख्रिस्ती वाचकाला वेगळं सांगायला नको. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुतो, आणि अॅडव्हेंटिस्ट मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुण्याचा विधी आजही होतो. म्हणजे डॉसच्या हातांना ही कृती लहानपणापासून ओळखीची. त्यानं मुद्दाम तो संदर्भ जोडला असेल असं मी म्हणत नाही. पण बराकीत त्यानं एकही प्रवचन दिलं नाही तरी चाललं, कारण पट्टी बांधण्यातून सांगायचं ते सांगून होत होतं. आणि ज्या भयाबद्दल वर म्हटलं, हा ऐन वेळी पळेल का, त्या प्रश्नाचं पहिलं उत्तरही तिथेच मिळू लागलं. सगळ्यांचं मन वळलं नाही. खरा विश्वास बसला तो पॅसिफिकमधल्या ग्वाम आणि लेटे बेटांवरच्या लढायांत, जिथे त्याला ब्राँझ स्टार ही शौर्यपदकं मिळाली.

शनिवारच्या नियमालाही इथे एक आतली फट होती, आणि ती त्याला शास्त्रातूनच मिळालेली. येशूनं शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला आणि ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही’ असं म्हटलं. म्हणून रोग्याची सेवा शनिवारी चालते, बराक घासणं चालत नाही. कड्यावरचा तो ५ मे १९४५ हा शनिवारच होता. हल्ल्यात येशील का, असं कॅप्टननं विचारलं तेव्हा डॉसनं आधी प्रार्थनेला वेळ मागितला आणि हल्ल्याला निघालेली कंपनी त्याच्यासाठी थांबली. तीन वर्षांपूर्वी याच प्रार्थनेवर बूट पडत होते.

एक अवघड प्रश्न

मेनोनाइट तरुण डॉससारख्यांना एक प्रश्न विचारू शकत, आणि तो टाळता येत नाही. तू ज्याला बरा करतोस तो उठून पुन्हा रायफलच उचलणार आहे. मग तुझे हात स्वच्छ कसे? सैन्याचा मेडिक हा त्याच यंत्राचा भाग. म्हणूनच त्यांच्यातले पुष्कळ जण गणवेशाजवळही फिरकले नाहीत.

तर्क म्हणून मला हा प्रश्न वजनदार वाटतो. डॉसनं त्याचं तात्त्विक उत्तर दिलेलं मला आढळलं नाही. आठवी शिकलेल्या सुताराच्या पोराला ते देता आलं नसतं असं नाही, पण त्याच्या श्रद्धेची घडणच वेगळी होती. ती आज्ञेवर उभी होती, परिणामांच्या हिशोबावर नाही. ‘खून करू नको’ याचा अर्थ माझ्या हातून नको. समोर पडलेला माणूस उद्या काय करील, हे त्याच्या नोंदवहीत नव्हतं. तुम्हाला हे अपुरं वाटू शकतं. पण प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत ज्याला दर शनिवारी उभं राहायचं आहे त्याला अपुरं पण ठाम उत्तर, परिपूर्ण पण डळमळीत उत्तरापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

शेजारी दुसरं उदाहरण ठेवलं तर हे आणखी स्पष्ट दिसतं. पहिल्या महायुद्धात टेनेसीच्या डोंगराळ भागातला आल्विन यॉर्क असाच बायबल हातात घेऊन जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डनमध्ये पोचला. भरतीच्या अर्जावर त्यानं लढायची इच्छा नाही असं लिहिलं होतं आणि सूट मागणारा त्याचा अर्ज फेटाळला गेला होता. त्याचे वरिष्ठ, कॅप्टन डॅनफोर्थ आणि मेजर बक्स्टन, त्याला घेऊन बसले आणि शास्त्रावर चर्चा केली. बक्स्टननं लूकमधलं, तलवार नसेल त्यानं वस्त्र विकून ती घ्यावी, हे वचन काढलं. यहेज्केलाच्या ३३ व्या अध्यायातला पहारेकऱ्याचा भाग वाचून झाला. मग त्याला विचार करायला दहा दिवसांची रजा दिली. यॉर्क घरी गेला, डोंगरावर प्रार्थना करत राहिला, आणि लढायचं ठरवून परतला. ८ ऑक्टोबर १९१८ रोजी आर्गोनच्या जंगलात त्यानं आणि त्याच्या उरलेल्या साथीदारांनी १३२ जर्मन कैदी आणले.

दोघेही ख्रिस्ती, दोघांनाही प्रार्थनेतून बळ मिळालं, आणि दोघं उलट दिशांना गेले. त्यामुळे ‘श्रद्धेनं बळ दिलं’ एवढं वाक्य मला कधीच पुरत नाही. बक्स्टनची पद्धत मात्र फोर्ट जॅक्सनच्या अधिकाऱ्यांपेक्षा शहाणी होती, हे म्हणायला हरकत नाही. त्यानं रंगरुटाचं बायबल गांभीर्यानं घेतलं. डॉसच्या वाट्याला असा मेजर आला असता तरी त्यानं रायफल उचलली नसती, पण दोन वर्षांचा मनस्ताप वाचला असता.

दोर, आणि त्यानंतर

१९४३ मध्ये डिव्हिजन अॅरिझोनाच्या वाळवंटात गेली, मग पेनसिल्व्हेनिया, आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत चढाईचं प्रशिक्षण. तिथे दोराच्या गाठी शिकवल्या जात. दोर दुहेरी घेऊन बोलाइन गाठ मारली तर एकाऐवजी दोन फास तयार होतात, हे डॉसच्या लक्षात आलं. त्या वेळी ती नुसती गंमत होती. ओकिनावात त्यानं जखमीचा एकेक पाय एकेका फासातून घातला, उरलेला दोर छातीभोवती बांधला आणि माणूस कड्याखाली सोडला. किती जणांना? डॉस म्हणे पन्नासपेक्षा जास्त नाहीत, इतर म्हणत शंभर. शेवटी मधला आकडा, ७५, पदकाच्या मानपत्रात गेला. १२ ऑक्टोबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते त्याला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं.

त्या मानपत्रात २१ मेची एक नोंद आहे. पायांत ग्रेनेडचे तुकडे, मग गोळी लागून हात मोडलेला, अशा अवस्थेत त्यानं एका रायफलचा दस्ता मोडक्या हाताला खपची म्हणून बांधला आणि सुमारे ३०० यार्ड सरपटत उपचार केंद्राकडे गेला. त्या दिवशी खिशातलं बायबल हरवलं. कंपनीतल्या माणसांनी ते शोधून काढून त्याला पाठवलं. कॅप्टन जॅक ग्लोव्हर, ज्यानं प्रशिक्षणात त्याला आपल्या कंपनीतून घालवायचा प्रयत्न केला होता, त्यानं नंतर मोकळेपणानं सांगितलं की याच माणसानं आपला जीव वाचवला.

मंडळीनं या प्रकरणातून काय घेतलं, तेही बघण्यासारखं आहे. नेब्रास्कातल्या युनियन कॉलेजात १९३४ पासूनच मेडिकल कॅडेट कोअर नावाचा उपक्रम चालू होता. भरतीची वेळ येण्याआधीच अॅडव्हेंटिस्ट मुलांना कवायत, प्रथमोपचार आणि स्ट्रेचर शिकवायचं, म्हणजे छावणीत पोचल्यावर ती रिकाम्या हातानं उभी राहणार नाहीत. आठवीत शाळा सुटलेल्या डॉसला कॉलेजातला हा वर्ग मिळाला नव्हता, तो थेट बराकीत शिकला. युद्धानंतर या कोअरची मिशिगनमध्ये उन्हाळी प्रशिक्षण छावणी भरू लागली तेव्हा तिला कॅम्प डेस्मंड डॉस असं नाव दिलं गेलं. तिथे येणारी मुलं गणवेशात, पहाटेच्या कवायतीला उभी राहत, आणि शनिवारी सुट्टी असे.